फॉर्मवर ‘हो’ लिहिलं, पुढं काय? स्मृतिभ्रंशाबद्दल आरोग्य आणि सामाजिक न्याय विभागांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात आशा स्वयंसेविका आहे. यंदा बारा वर्षं होतील. बाळंतपणं, लसीकरण, क्षयाच्या गोळ्या, आणि गेली काही वर्षं बीपी-शुगरच्या चौकशीचे ‘सीबॅक’ नावाचे फॉर्म. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा हा फॉर्म आम्ही घरोघरी जाऊन भरतो. साठीच्या पुढच्यांना त्यात काही वेगळे प्रश्न विचारायचे असतात. तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, आणि जवळच्या माणसांची नावं किंवा आपल्या घरचा पत्ता विसरता का.

गेल्या महिन्यात हा शेवटचा प्रश्न मी माझ्या आईला विचारला. ती माझ्याच ओसरीत खाटेवर बसली होती. तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “तू कुणाची गं बाई? उन्हाची आलीस, आधी पाणी पी.”

मी रकान्यात ‘हो’ लिहिलं. एका फॉर्ममागं मला १० रुपये मिळतात, आईच्या फॉर्मचेही मिळतील. उत्तर ‘हो’ आलं तर वैद्यकीय अधिकाऱ्याकडं पाठवा, एवढी सूचना आहे. अधिकाऱ्यानं पुढं काय करायचं, कोणती तपासणी, कुठं, घरच्यांनी कसं वागायचं, हे आजवरच्या एकाही प्रशिक्षणात मला कुणी सांगितलेलं नाही. माझ्या वहीत असे ‘हो’ अकरा आहेत. अकराही घरांवरून माझी रोजची वाट आहे. त्यांच्या आणि माझ्या आईच्या वतीनं हे पत्र लिहिते आहे.

आई शाळेत गेली नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती वीस-बावीस वर्षांची होती, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. सुकडीवर दिवस काढले असं सांगायची. आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी आहे, तिच्या वयाच्या गावातल्या बहुतेक बायकांची आहे तशी. दुष्काळानंतरची पस्तीस वर्षं ऊसतोड. दसरा झाला की मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे, मग ट्रक, कारखाना, राहायला कोपी म्हणजे झोपडी. तोड दिवसा, आणि गाडी येईल तेव्हा भरायची, म्हणजे बहुतेक वेळा रात्री. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. त्या फळीवरून ती दोनदा पडली. एकदा शुद्ध हरपली होती. दुसऱ्या दिवशी डोक्याला फडकं बांधून परत फडात.

आता ती रात्री दोन-अडीचला उठते. मला हलवते. “ऊठ गं, गाडी लागली.” मग खाली बसून पदर सोडते, उसाच्या शेंड्याच्या वाढ्याला देतात तसा त्याला पीळ देते, समोर नसलेला ऊस दोन्ही हातांनी ओढून घेते, गुडघा रोवते आणि आवळते. बांधून झालेली मोळी उचलून बाजूला ठेवते. परत पहिल्यापासून. मी लहानपणी कोपीच्या दारात बसून हे इतक्यांदा पाहिलंय की पहिल्या रात्रीच ओळखलं, आई मोळ्या बांधते आहे. अर्धा-पाऊण तास चालतं. मी “भरली गाडी, आता झोप” म्हणेपर्यंत ती झोपत नाही. लेकीचं नाव तिच्या डोक्यातून गेलं, मोळी गेली नाही.

गावात कुणी याला म्हातारचळ म्हणतं, कुणी बाहेरचं झालं म्हणतं. बाकीचे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देतात. ही म्हण माझ्याही तोंडी होती. आता ती कुणी म्हटली की मी थांबवते. साठी सगळ्यांनाच येते, बुद्धी सगळ्यांची नाठी होत नाही. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे. तो कुणालाही होतो, श्रीमंतालाही होतो. पण सगळ्यांना सारखा होत नाही, आणि आपल्या दोन्ही विभागांनी नेमकं हेच लक्षात घ्यावं असं मला वाटतं.

मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिच्या पुढाकारानं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या सुमारे ७२ हजार लोकांची ‘लासी’ नावाची पाहणी झाली. तिच्या जोडीनं स्मृतिभ्रंशाची वेगळी तपासणी झाली आणि तिचे आकडे २०२३ मध्ये आले. साठीवरच्या दर शंभरांत सातांहून थोडे जास्त, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त, शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत जास्त. म्हणजे खेड्यातली, न शिकलेली म्हातारी बाई तिन्हीकडून यात सापडते. माझ्या वहीतल्या अकरांपैकी नऊ तशाच आहेत.

२०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं या आजाराचा धोका वाढवणारी १४ कारणं मांडली. आयुष्यभर ती आवरली तर जवळपास ४५ टक्के आजार टाळता किंवा लांबवता येईल असं त्यात म्हटलं आहे. माझी मुलगी नर्सिंगला आहे, तिनं मला ती यादी मराठीत समजावून सांगितली. ती एकेक वाचत गेली आणि मी एकेक बोट मोडत गेले. लहानपणी शिक्षण कमी: आई शाळेत नव्हती. ऐकू कमी येणं: लहानपणी तिचा कान वाहायचा, तेलाचा बोळा घालून सोडून दिलं, डाव्या कानानं कधी नीट ऐकूच आलं नाही. नजर अधू होणं: मोतीबिंदू पिकून पांढरा पडल्यावर शिबिरात गेली. डोक्याला मार: फळीवरून पडली ते. रक्तदाब: कळला तेव्हा वरचा आकडा दोनशेला टेकला होता, त्याआधी कुणी मोजलाच नव्हता. हवेतलं प्रदूषण: कोपीतली चूल. नैराश्य आणि एकटेपणा: एकटेपणाबद्दल पुढं लिहिते. यादी संपेपर्यंत चौदातल्या निम्म्याहून जास्त कारणांची बोटं मोडली होती.

आईला नेमकं कशानं झालं हे कुणी सांगू शकणार नाही. पण या चौदातली बरीचशी कारणं तिच्या हातात कधी नव्हतीच. डॉक्टर सांगतात, शिकलेल्या, वाचत्या मेंदूकडं शिल्लक जास्त असते. आजारानं पोखरायला सुरुवात केली तरी त्या शिल्लकीवर बरेच दिवस निभावतं. ज्या पोरीला शाळेच्या वयात कोयता किंवा धाकटं भावंड सांभाळायला दिलं, तिची ती शिल्लक तेव्हाच गेली. आणि हे फक्त जुनं नाही. आजही दिवाळीनंतर आमच्या पटावरच्या काही मुली आईबापांबरोबर फडावर जातात आणि गुढीपाडव्यानंतर येतात. त्यांच्या साठीची तयारी आताच होते आहे.

आणखी एक गोष्ट या जिल्ह्याची आहे म्हणून लिहिते. २०१९ मध्ये शासनाच्याच समितीनं बीडच्या ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली तेव्हा १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. त्यात कितीतरी तरुण होत्या. कमी वयात अंडाशयं काढलेल्या बायकांना पुढं स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त असतो असं परदेशातल्या अभ्यासांत दिसलं आहे. यातल्या बऱ्याच बायका अजून साठीच्या आत आहेत. त्यांची नोंद आपल्याकडं आहे. त्या साठीला पोचतील तेव्हा त्यांच्याकडं बघणारं कुणी असेल का, हे आज ठरवायला हवं.

माझी मावसबहीण पुण्यात एका घरी रात्रंदिवस कामाला आहे. तिथल्या आजोबांना हाच आजार आहे. चेकवर सही करताना हात अडला, तेव्हाच मुलगा तज्ज्ञाकडं घेऊन गेला. एमआरआय झाला, रक्ताच्या तपासण्या झाल्या, कानाला यंत्र आलं, बाथरूममध्ये धरायला दांडे बसले. आजोबा रोज माझ्या बहिणीचा हात धरून बागेत दोन फेऱ्या मारतात. त्यांना हे सगळं मिळतं याचं मला समाधान आहे, प्रत्येकालाच मिळायला हवं. पण माझ्या बहिणीची सासू गावाकडं त्याच आजारानं पडून आहे, आणि घरचे रानात जाताना बाहेरून कडी लावून जातात. आजाऱ्याला कसं बोलावं, कसं भरवावं, चिडला तर काय करावं, हे माझ्या बहिणीला सगळं येतं. ते ज्ञान तिच्या स्वतःच्या घरी पोचत नाही, कारण ती घरी बसली तर चूल पेटत नाही.

आता तक्रारी सांगते.

पहिली तपासणीची. दोन वर्षांपूर्वी, आई भाजीत दोनदा मीठ टाकायला लागली तेव्हा, मी तिला सत्तर किलोमीटरवरच्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. दोन एसट्या बदलून. डॉक्टर चांगले होते, रांग मोठी होती. आईला विचारलं, आज तारीख काय? आई म्हणाली, “आवस होऊन चौथा दिस.” ते चूक धरलं गेलं. बसस्टँडवर येऊन मी कॅलेंडर बघितलं, चतुर्थी होती. पुढं विचारलं, शंभरातून सात वजा करत जा. मग म्हणाले, कागदावर एक वाक्य लिहा. जिनं आयुष्यात पेन धरलं नाही तिला वाक्य लिहायला सांगितलं. केसपेपरवर शेरा आला, ‘वयोमानानुसार’. त्या एका शब्दानं आमची दोन वर्षं गेली. बी-१२ कमी आहे का, थायरॉईड आहे का, पडल्यामुळं डोक्यात रक्त साकळलंय का, हे कुणी बघितलं नाही. अशा कारणांनी आलेलं विसरणं वेळेत कळलं तर काही प्रमाणात परतवता येतं, म्हणून ते बघणं गरजेचं होतं. अक्षरओळख नसलेल्यांसाठी वेगळी चाचणी असू शकते. हरयाणात बल्लभगडच्या खेड्यांत १९९० च्या दशकातच हिंदीत तशी चाचणी तयार करून वापरली गेली. आमच्याकडं तिथीनं, बाजाराच्या वारानं, पेरणीच्या नक्षत्रानं दिवस मोजणाऱ्या बाईला तिच्या पद्धतीनं विचारणारी मराठी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात का नसावी? तांड्यावरच्या आजीला गोरमाटीतून, म्हणजे तिच्या बंजारा बोलीतून, का विचारू नये?

दुसरी पैशांची. आईला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळायचे. ज्यांची नावं दारिद्र्यरेषेच्या यादीत आहेत आणि वय ऐंशीच्या आत आहे त्यांच्यासाठी त्यात केंद्राचा वाटा २०० रुपयांचा, आणि तो दीड दशकाहून जास्त काळ तेवढाच आहे. योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१ हजार रुपयांची, म्हणजे दिवसाला ५८ रुपयांच्या आत. एवढ्यात कोणतं कुटुंब जगतं? पण सध्या माझं गाऱ्हाणं वेगळं आहे. चार महिन्यांपासून आईचे पैसे बंद आहेत. हयातीच्या दाखल्यासाठी मी तिला एका कार्यालयात घेऊन गेले. अंगठा उमटला नाही, कोयत्यानं आणि खडीनं तिच्या बोटांवर रेघा ठेवल्या नाहीत. मग नाव विचारलं. आईनं माहेरचं नाव सांगितलं. लग्नाआधीचं, वडिलांसकट, ठणठणीत आवाजात. कागदावर सासरचं. नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत आला. मी सांगत होते की तिला आजार आहे, आता तिला तेवढंच आठवतं. समोरच्यांनी ऐकून घेतलं, पण आजाराचा दाखला मागितला. माझ्याकडं होता तो ‘वयोमानानुसार’चा. ज्यांना आपलं नाव सांगता येत नाही त्यांनाच दरवर्षी नाव सांगून आपण आहोत हे सिद्ध करावं लागतं, ही पद्धत कृपा करून बदला.

तिसरी दाखल्याची. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. पार्किन्सन्सचं नाव त्यात आहे, स्मृतिभ्रंशाचं वेगळं नाव नाही. मानसिक आजाराखाली बसवता येईल असं एकानं सांगितलं, दुसऱ्यानं नाही म्हटलं. खेड्यातलं माणूस अशा वेळी दोन चकरा मारून गप्प बसतं.

चौथी कानाची. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. पैसे आले तर चष्मा येतो, काठी येते. कान तपासून, कानाला जुळवून दिलेलं यंत्र तेवढ्यात येत नाही, आणि तालुक्याला कान तपासणारं कुणी नाही. वर सांगितलेल्या यादीत कान फार वरचं कारण आहे आणि त्याला उपाय आहे. म्हणून हे खटकतं.

७० वर्षांवरच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड मिळतंय. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. या आजारात माणूस भरती होत नाही, वर्षानुवर्षं घरी असतो. गोळ्या बाहेरून, डायपर बाहेरून.

पाचवी तक्रार एकटेपणाची. आमच्या गावात दिवाळीनंतर म्हातारी माणसं आणि थोडी लेकरं उरतात. गल्लीच्या गल्ली कुलपात. लेकरांसाठी शासनानं हंगामी वसतिगृहं काढली, फार चांगलं केलं. म्हाताऱ्यांसाठी काहीच नाही. माझ्या वहीतली एक आजी पाच महिने एकटी असते. मुलगा जाताना पीठ, तेल, गोळ्यांची पाकिटं ठेवून जातो. गोळ्या घेतल्या का हे तिला आठवत नाही, म्हणून ती कधी एकही घेत नाही आणि कधी तीनदा घेते. मी येता-जाता बघते. गेल्या पौषात ती रात्री गावाबाहेर निघून गेली होती, सकाळी विहिरीच्या काठावर बसलेली सापडली. दुसऱ्या एका घरी सुनेनं सासूचा पाय लुगड्यानं खाटेला बांधलेला मी बघितला. सून रडत होती. तिला दिवसभर कापूस वेचायला जायचं होतं. तिला दोष द्यायला माझी जीभ वळली नाही. त्या दिवशी तिला दुसरं काय करता आलं असतं, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, अजूनही नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. सीबॅकमध्ये विसरण्याच्या प्रश्नाला ‘हो’ आलेल्या प्रत्येकाची ठरलेल्या मुदतीत तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तपासणी व्हावी. बी-१२, थायरॉईड, साखर, रक्तदाब, कान, डोळे, नैराश्य, सगळं एका दिवसात. महिन्यातून एक दिवस जिल्ह्याचे तज्ज्ञ तालुक्याला यावेत.

२. न शिकलेल्यांसाठी मराठीत, आणि जिथं बोली वेगळी तिथं त्या बोलीत, चाचणी तयार करावी. आशा आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना ती शिकवावी. केसपेपरवर ‘वयोमानानुसार’ लिहून कुणालाही परत पाठवू नये.

३. हयातीची आणि आधारची पडताळणी ७० वर्षांवरच्यांची, आणि स्मृतिभ्रंश असलेल्या सगळ्यांची, घरी येऊन करावी. घरी कुणी येऊन बघेपर्यंत एकाचंही अनुदान थांबवू नये. चार महिन्यांत थांबलेली अनुदानं मागच्या तारखेपासून द्यावीत. उत्पन्नाची २१ हजारांची अट बदलावी.

४. स्मृतिभ्रंशाला दिव्यांगत्वाचा दाखला कसा मिळेल याचा एक स्पष्ट शासन निर्णय काढावा, आणि घरी सांभाळणाऱ्या माणसाला मदतनीस भत्ता द्यावा.

५. ज्या गावांतून ऊसतोडीला टोळ्या जातात तिथं हंगामाचे महिने समाजमंदिरात म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसाची बसायची जागा, एक वेळचं ताजं जेवण आणि गोळ्या द्यायला एक माणूस ठेवावा. गावातल्याच बाईला मानधनावर ठेवा, शिकवायचं काम माझ्या मावसबहिणीसारख्या बायका करतील.

६. केरळनं २०१४ मध्येच स्मृतिभ्रंशासाठी राज्याचा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रानं तसा कार्यक्रम, स्वतःच्या तरतुदीसह, जाहीर करावा. त्याची सुरुवात दुष्काळी आणि स्थलांतराच्या तालुक्यांतून करावी.

हे पत्र मी रात्री आईच्या खाटेशेजारी बसून लिहिलं आहे. मधे एकदा ती उठली, सतरा मोळ्या झाल्या, मग झोपली.

पुढच्या महिन्यात मला ६३ घरांचे फॉर्म भरायचे आहेत. विसरण्याच्या रकान्यात ‘हो’ आलं, तर त्या घराला मी काय सांगायचं, हे आपण मला लेखी कळवावं.

आपली,
एक आशा स्वयंसेविका,
जि. बीड